उष्णता थंडाकडून गरमाकडे जाऊ शकते का, आणि कामापेक्षा उष्णता अडीचपट का येते?

तुम्ही विचारलेले मुख्य प्रश्न दोन आहेत आणि माझ्या मते दोन्हींचं मूळ एकच आहे (तापमानाबद्दलचा तिसरा पुढे घेतो). पहिला असा की मायक्रॉनएवढ्या सिस्टीममध्ये कधीकधी उष्णता उलटी, म्हणजे थंडाकडून गरमाकडे जाते असं वाचलं, मग थर्मोडायनॅमिक्सचा दुसरा नियम, म्हणजे उष्णता आपोआप गरमाकडून थंडाकडेच जाते हा, मोडला का. दुसरा प्रत्यक्ष डेटाचा आहे. पाण्यातला दोन मायक्रॉन व्यासाचा मणी लेझर ट्रॅपमध्ये (लेझरचा झोत मण्याला स्प्रिंगसारखा मध्याकडे ओढून ठेवतो) धरून ट्रॅप एकसारख्या वेगाने सरकवलाय, सरासरी काम सेकंदाला ४१० केटी येतंय पण पाण्यात गेलेली उष्णता साधारण हजार केटी येतेय, एवढी एनर्जी आली कुठून. यात केटी म्हणजे बोल्ट्झमनचा स्थिरांक गुणिले तापमान, खोलीच्या तापमानाला ४.१ पिकोन्यूटन नॅनोमीटर.

पहिल्याचं उत्तर आधी देतो. हो, जाते, आणि त्यात विशेष असं काही नाही, आणि दुसरा नियम मोडत नाही कारण तो सरासरीबद्दल बोलतो. दुसऱ्याचं उत्तर असं की एनर्जी कुठूनच आलेली नाही, उष्णता काढायच्या कोडमध्ये एक ओळ चुकीची आहे, आणि ती कुठली हे मी डेटा न बघताही जवळपास खात्रीने सांगू शकतो कारण तो हजारचा आकडाच ते सांगतोय. त्याच्याकडे येतोच, पण आधी आकडे नीट मांडून घेऊ, कारण या विषयात आकडे हातात नसले की चर्चा लगेच हवेत जाते.

मण्याची त्रिज्या १ मायक्रॉन, पाणी २५ अंशांच्या आसपास, म्हणजे स्टोक्सच्या सूत्राने घर्षणाचा गुणांक सुमारे १.७ गुणिले १० चा उणे ८वा घात न्यूटन सेकंद प्रति मीटर. ट्रॅपचा कडकपणा १० पिकोन्यूटन प्रति मायक्रॉन. यातून तीन गोष्टी निघतात. ट्रॅप स्थिर असताना मणी मध्यबिंदूभोवती साधारण २० नॅनोमीटर इकडेतिकडे हलतो. ढकलला तर सुमारे १.७ मिलिसेकंदात जागेवर येतो, याला पुढे मी सेटल व्हायचा वेळ म्हणेन. आणि ट्रॅप सेकंदाला १० मायक्रॉन वेगाने ओढला तर मणी सरासरी १७ नॅनोमीटर मागे राहतो. आता बघा, मागे राहणं १७ नॅनोमीटर आणि आपोआप होणारी हालचाल २० नॅनोमीटर, म्हणजे तुम्ही जो परिणाम मोजताय तो आणि नॉइज एकाच आकाराचे आहेत, त्यामुळे मणी बऱ्याचदा ट्रॅपच्या मध्याच्या पुढे असणार आणि तेवढा वेळ पाणीच मण्याला ढकलत असणार, म्हणजे उष्णता काम करत असणार. यात कोणताही नियम तोडायची गरज पडत नाही.

किती वेळा असं होतं? सरासरी काम सेकंदाला ४१० केटी. ट्रॅप ओढायला सुरुवात करण्याआधी मणी समतोलात असेल आणि १० मिलिसेकंदांचा तुकडा घेतला तर सरासरी काम साधारण ३.४ केटी येतं (४.१ नाही, कारण सुरुवातीला मणी मागे पडायला थोडा वेळ लागतो) आणि शंभरातल्या नऊ-दहा तुकड्यांत काम उणे असतं. १०० मिलिसेकंदांच्या तुकड्यात सरासरी ४० केटी, आणि उणे निघायची शक्यता पावणेतीन लाखांत एक. पूर्ण एक सेकंद घेतला तर ती शक्यता १० च्या उणे ४६व्या घाताच्या आसपास जाते, म्हणजे कधीच नाही म्हणा. तोच मणी, तेच पाणी, तोच वेग, फक्त बघायचा वेळ बदलला. त्यामुळे "छोट्या सिस्टीममध्ये दुसरा नियम लागू होत नाही" हे वाक्य मला पटत नाही, लागू होतोच, फक्त किती वेळ आणि किती मोठ्या तुकड्यावर सरासरी घेतली हे सांगितल्याशिवाय त्या वाक्याला अर्थ राहत नाही.

आणि हे नुसतं "कधीकधी उलटं होतं" एवढ्यावर थांबत नाही, किती वेळा उलटं होईल याचं नेमकं गणित आहे. १९९३ मध्ये एव्हान्स, कोहेन आणि मॉरिस यांनी कातरला जाणारा द्रव कॉम्प्युटरवर चालवून हे पहिल्यांदा दाखवलं, मग एव्हान्स-सर्ल्स १९९४, गॅलावोत्ती-कोहेन १९९५, जार्झिन्स्की १९९७, क्रुक्स १९९९ असे निकाल एकामागून एक आले. गाभा एकच. एखादी घटना एवढी एंट्रॉपी (ढोबळमानाने विस्कळीतपणाचं माप, उष्णता भागिले तापमान अशी वाढते) वाढवते आणि तिची उलटी घटना तेवढीच कमी करते, तर पहिलीची शक्यता दुसरीपेक्षा ई (सुमारे २.७१८ ही संख्या) च्या तेवढ्या घातपट असते, एंट्रॉपी बोल्ट्झमनच्या स्थिरांकाच्या एककात मोजली तर. ही बरोबरी आहे, असमानता नाही, आणि ती समतोलाजवळच चालते असंही नाही, कितीही जोरात ओढा तरी चालते. दुसरा नियम हा यातून निघणारा एक परिणाम आहे. मला स्वतःला या विषयातलं सगळ्यात सुंदर काही वाटत असेल तर हेच, की शंभर-सव्वाशे वर्षं आपण ज्याला नुसतं "मोठं किंवा बरोबर" म्हणत होतो त्याच्या आत एक "बरोबर" लपलेलं होतं. २००२ मध्ये वांग, सेविक आणि सहकाऱ्यांनी अशाच ट्रॅपमधल्या मण्यावर प्रयोग करून उलटे मार्ग (म्हणजे एंट्रॉपी कमी करणारी मण्याची वाटचाल) सेकंदाच्या पातळीपर्यंत दिसतात हे दाखवलं, आणि त्या पेपरच्या शीर्षकातच दुसऱ्या नियमाचं उल्लंघन असा शब्द होता, बराचसा गोंधळ तिथूनच पसरला असं मला वाटतं.

आता निव्वळ उष्णतेच्या देवाणघेवाणीवर येऊ, कारण प्रश्नाचा पहिला भाग त्याबद्दलच होता. दोन वस्तू, एक ३१० केल्विनला आणि एक ३०० केल्विनला, दोन्ही आपापल्या समतोलात, मग थोडा वेळ जोडल्या आणि पुन्हा सोडवल्या. जार्झिन्स्की आणि वोयचिक यांनी २००४ मध्ये दाखवलं की क्यू एवढी उष्णता गरमाकडून थंडाकडे जाण्याची शक्यता, भागिले तेवढीच उलटी जाण्याची शक्यता, हे गुणोत्तर ई चा एक घात असतं आणि तो घात म्हणजे क्यू गुणिले दोन व्यस्त तापमानांतला फरक. आकडे टाकून बघा. क्यू एक केटी असेल तर गुणोत्तर १.०३३. म्हणजे दहा अंशांचा फरक असूनही एक केटीचं पाकीट गरमाकडून थंडाकडे जाणं हे उलट्यापेक्षा फक्त तीन टक्क्यांनी जास्त वेळा होतं, जवळपास नाणेफेकच. क्यू १०० केटी असेल तर गुणोत्तर २५. आणि क्यू एक ज्यूल असेल तर गुणोत्तर ई चा ७८ वर सतरा शून्यं एवढा घात. रोजच्या व्यवहारात उष्णता उलटी जाताना दिसत नाही त्याचं कारण हा घात आहे, दुसरा कुठला वेगळा नियम तिथे लागू होत नाही.

फक्त अटी विसरू नका. सुरुवातीला दोन्ही वस्तू स्वतंत्रपणे समतोलात असाव्यात, त्यांच्यात आधीपासून काही संबंध, म्हणजे कोरिलेशन, नसावा, आणि जोडणीतच अडकलेली एनर्जी क्यूच्या मानाने नगण्य असावी. या तिसऱ्या अटीकडे नेहमी दुर्लक्ष होतं. मोठ्या वस्तूंमध्ये जोडणी म्हणजे फक्त पृष्ठभाग, त्याची एनर्जी कोणी विचारत नाही, पण सिस्टीमच दोन-चार केटीची असेल तर जोडणीची एनर्जी एक केटी असली तरी क्यू म्हणजे नक्की काय हेच धूसर होतं. प्रयोगात हे स्वच्छ दिसलं ते इलेक्ट्रिकल सर्किटमध्ये, २०१३ मध्ये चिलिबेर्तो आणि सहकाऱ्यांनी दोन रेझिस्टर कपॅसिटरने जोडले, एक खोलीच्या तापमानाला आणि दुसरा खूप थंड केलेला, आणि त्यांच्या थर्मल नॉइजमधून (उष्णतेमुळे आपोआप होणाऱ्या व्होल्टेजच्या चढउतारातून) इकडून तिकडे जाणारी उष्णता मोजली. रेझिस्टरचा हा नॉइज १९२८ पासून, जॉन्सन आणि नायक्विस्ट यांच्यापासून माहीत आहे, आणि व्होल्टेज मोजणं हे मण्याची जागा मोजण्यापेक्षा खूप सोपं असतं, म्हणून सर्किट हा या विषयात मला फार आवडणारा मार्ग आहे.

आता अडीचपट उष्णतेचं प्रकरण. मण्याच्या बाबतीत उष्णता थर्मामीटरने मोजता येत नाही, तेवढ्या उष्णतेने पाणी काही गरम होत नाही. उष्णता ही मार्गावरून काढावी लागते, आणि कशी काढायची हे सेकिमोतो यांनी १९९० च्या दशकाच्या शेवटी नीट बसवून दिलं. पाण्यात गेलेली उष्णता म्हणजे ट्रॅपचा फोर्स गुणिले मण्याचं सरकणं, प्रत्येक छोट्या पावलाला, आणि सगळ्यांची बेरीज. वाचायला सोपं वाटतं, पण फोर्स कुठला घ्यायचा, पावलाच्या सुरुवातीचा, शेवटचा की मधला? नेहमीच्या कॅल्क्युलसमध्ये पावलं बारीक केली की तिन्ही सारखे होतात. इथे होत नाहीत, कारण ब्राउनियन मार्ग, म्हणजे पाण्याच्या रेणूंच्या धक्क्यांनी हलणाऱ्या मण्याचा मार्ग, इतका खडबडीत असतो की पाऊल बारीक केलं तरी सरकण्याचा वर्ग वेळेच्या प्रमाणातच राहतो, त्यामुळे फरक टिकून राहतो आणि साठत जातो.

किती साठतो ते बघा. सुरुवातीचा फोर्स घेतला तर प्रत्येक सेटल व्हायच्या वेळेला एक केटी खोटी उष्णता जमा होते. तो वेळ १.७ मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाला जवळजवळ ६०० केटी. खरे ४१० अधिक हे ६००, झाले हजार. हाच तुमचा आकडा. कोडमध्ये नक्की पावलाच्या सुरुवातीचा फोर्स गुणिले पुढची जागा वजा आत्ताची जागा असं लिहिलेलं असणार, जे कोणीही सहज लिहील कारण सिम्युलेशन पुढे ढकलताना नेमकं तसंच लिहितात. शेवटचा फोर्स घेऊन बघा, उष्णता सेकंदाला उणे १९० च्या आसपास येईल. आणि दोन्ही टोकांच्या फोर्सची सरासरी घेतली की ४१० येईल. हा मधला नियम, गणितात स्ट्रॅटोनोविच म्हणतात तो, हा सोयीसाठी निवडलेला नाही. एनर्जीचा हिशोब, म्हणजे पहिला नियम, प्रत्येक पावलाला जुळायचा असेल तर तोच घ्यावा लागतो. स्प्रिंगसारख्या ट्रॅपमध्ये तर काम आणि उष्णता दोन्ही टोकांच्या सरासरी फोर्सने काढलं तर ट्रॅपमधल्या एनर्जीतला बदल बरोबर काम वजा उष्णता एवढा येतो, अगदी प्रत्येक पावलाला, अंदाजे नाही, तंतोतंत. हा चेक कोडमध्ये कायमचा ठेवा. माझ्याकडे कोणी नवीन डेटा घेऊन आलं की हिस्टोग्राम बघायच्या आधी मी हाच चेक मागतो.

हे सुटलं तरी पुढे एक खड्डा आहे आणि तो जास्त खोल आहे. कामाचं हिस्टोग्राम काढून बघितलं तर वरची बरोबरी सुंदर बसते, सुलट्या आणि उलट्या शक्यतांच्या गुणोत्तराचा लॉग कामासमोर मांडला की ग्राफवर स्लोप १ असलेली सरळ रेघ येते. मग उष्णतेचं काढलं की रेघ सुरुवातीला सरळ जाते आणि पुढे वाकून आडवी होते, आणि माणूस समजतो की डेटा कमी पडला. डेटा कमी पडलेला नाही. व्हान झोन आणि कोहेन यांनी २००३ मध्ये हे गणिताने दाखवलं. उष्णता म्हणजे काम वजा ट्रॅपमधल्या एनर्जीतला बदल. काम वेळेबरोबर वाढत जातं आणि एनर्जीतला बदल वाढत नाही, म्हणून लांब वेळात तो नगण्य ठरेल असं वाटतं, आणि सरासरीपुरतं ते खरंही आहे. पण ट्रॅपमधल्या एनर्जीला वरची मर्यादा नाही, मणी क्वचित खूप दूर जातो, आणि त्या एनर्जीच्या शक्यतेची शेपटी एक्स्पोनेन्शियल असते, तर कामाची गॉसियन (घंटेच्या आकाराची), म्हणजे कितीतरी वेगाने पडणारी. त्यामुळे फार दूरच्या शेपटीत उष्णतेची मोठी किंमत बहुतेक वेळा कामातून न येता मणी सुरुवातीला किंवा शेवटी भलत्याच ठिकाणी असल्यामुळे येते. म्हणून सरासरीपर्यंत रेघ सरळ, सरासरीच्या तिपटीनंतर पूर्ण आडवी, आणि मध्ये वाकलेली. बरोबरी हवीच असेल तर फक्त उष्णता घेऊन भागत नाही, सुरुवातीच्या आणि शेवटच्या जागेचीही एंट्रॉपी त्यात धरावी लागते, एका मार्गाच्या एंट्रॉपीची ही व्याख्या सायफर्ट यांनी २००५ मध्ये दिली, आणि ती धरली की स्थिर अवस्थेत कुठल्याही वेळेसाठी बरोबरी तंतोतंत बसते.

म्हणूनच मी सुरुवातीला म्हटलं की दोन्ही प्रश्नांचं मूळ एक आहे. समतोलापासून दूर गेलं की "उष्णता" हा शब्द एकटा पुरत नाही, सीमा कुठे धरली, किती वेळ बघितलं, सुरुवातीची अवस्था काय होती, हे सगळं सांगितलं तरच तो आकडा काहीतरी सांगतो.

फ्री एनर्जी (अगदी सावकाश ओढलं तर लागणारं किमान काम) काढण्यासाठी जार्झिन्स्कीचं सूत्र वापरायचा विचार असेल तर एक सांगून ठेवतो. त्यात कामाच्या एक्स्पोनेन्शियलची सरासरी घ्यायची असते आणि ती सरासरी दुर्मिळ, खूप कमी काम लागलेल्या मार्गांवर टिकलेली असते. वाया गेलेलं काम तीन केटी असेल तर साधारण वीस-पंचवीस मार्गांत अंदाज यायला लागतो, वीस केटी असेल तर जवळपास ४८ कोटी मार्ग लागतील, म्हणजे विषय संपला. बुस्तामांते यांच्या गटाने २००२ मध्ये आरएनएचा एक छोटा तुकडा ओढून उलगडून हे सूत्र तपासलं तेव्हा वाया जाणारं काम थोडक्या केटीतच होतं. त्यापेक्षा क्रुक्सचा मार्ग मला भरवशाचा वाटतो. ओढतानाच्या कामाचं आणि सोडतानाच्या कामाचं (याचं चिन्ह उलटं करून) अशी दोन हिस्टोग्राम काढा, ती जिथे एकमेकांना छेदतात ती फ्री एनर्जी. शेपटीवर एवढं अवलंबून राहावं लागत नाही, फक्त दोन्ही हिस्टोग्राम थोडी तरी एकमेकांवर यायला हवीत.

"समतोलापासून दूरच्या सिस्टीमला तापमान असतं का" असंही विचारलं होतं. तुमच्या मण्याच्या बाबतीत पाण्याला आहे, आणि तेच सगळीकडे वापरायचं. सिस्टीमचं स्वतःचं म्हणाल तर समतोलात एक पक्का नियम असतो, आपोआप होणारी हालचाल आणि ढकलल्यावर मिळणारा प्रतिसाद यांचं गुणोत्तर तापमान देतं, कुठल्याही फ्रिक्वेन्सीला तेच. दूर गेलं की हे गुणोत्तर फ्रिक्वेन्सीप्रमाणे बदलतं. बेडकाच्या कानातल्या केसांच्या जुडग्यावर मार्टिन, हडस्पेथ आणि युलिशर यांनी २००१ मध्ये हे मोजलं, आणि ते ज्या फ्रिक्वेन्सीला स्वतःहून डोलतं तिच्या आसपास हे "तापमान" प्रचंड होतं आणि चिन्हसुद्धा बदलतं. अशा आकड्याला तापमान म्हणण्यात मला अर्थ वाटत नाही. पण तो फरक वाया जात नाही, आणि ही गोष्ट माझ्या दृष्टीने फार मोलाची आहे, हारादा आणि सासा यांनी २००५ मध्ये दाखवलं की हालचाल आणि प्रतिसाद यांच्यातली ही तफावत सगळ्या फ्रिक्वेन्सींवर मोजून बेरीज केली आणि त्यात सरासरी वेगाचं घर्षण मिळवलं तर थेट उष्णता बाहेर टाकण्याचा दर मिळतो, आतली यंत्रणा माहीत नसली तरी, लँजेव्हिन समीकरणाने (फोर्स, घर्षण आणि यादृच्छिक धक्के यांचं समीकरण) चालणारी सिस्टीम असली म्हणजे झालं. तोयाबे आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये एफ-वन एटीपीएज या फिरणाऱ्या प्रोटीनवर हेच वापरलं.

आणखी एक निकाल हल्ली सगळीकडे दिसतो तो म्हणजे बाराटो आणि सायफर्ट यांचा २०१५ चा, पुढच्या वर्षी गिंग्रिच आणि सहकाऱ्यांनी सिद्ध केलेला. कुठलाही प्रवाह अचूक ठेवायचा तर त्याची किंमत एंट्रॉपीत मोजावी लागते, सापेक्ष चुकीचा वर्ग गुणिले एंट्रॉपी किमान दोन. एक टक्का अचूकता हवी तर किमान २०,००० केटी उष्णता सोडावीच लागेल. मात्र तो सरसकट लावू नका, जिथे जडत्व महत्त्वाचं आहे किंवा बाहेरून वेळेप्रमाणे बदलणारा फोर्स आहे तिथे तो जसाच्या तसा चालत नाही.

आता तुमच्या सेटअपबद्दल. मणी कॅमेऱ्याने ट्रॅक करत असाल आणि सेकंदाला शंभर फ्रेम असतील तर ते पुरणार नाही, सेटल व्हायचा वेळ १.७ मिलिसेकंद आहे आणि तुम्ही दर १० मिलिसेकंदांनी बघताय. काम आणि उष्णतेची सरासरी तरीही ठीक येईल, पण पसारा बिघडेल, एक्सपोजर छोटं असेल तर कामाचा पसारा फुगतो आणि रेघेचा स्लोप एकाच्या जागी बराच कमी येतो, आणि एक्सपोजर मोठं असेल तर मणी फ्रेममध्ये धूसर होऊन हलणं कमी दिसतं आणि त्यावरून काढलेला ट्रॅपचा कडकपणा खऱ्यापेक्षा जास्त येतो. फोटोडायोडने १० किलोहर्ट्झ किंवा वर घ्या. लेझरने पाणी किंचित तापतं, नेहमीच्या इन्फ्रारेड लेझरला १०० मिलिवॉटला एखाद्या अंशापर्यंत, त्यामुळे केटीत फारसा फरक पडत नाही पण पाण्याचा चिकटपणा अंशाला साधारण दोन टक्के बदलतो, तो धरा. आणि मणी काचेच्या फार जवळ नको, तिथे घर्षण वाढतं आणि स्टोक्सचा आकडा चालत नाही.

पुढचा रन घ्यायच्या आधी ट्रॅप स्थिर ठेवून काही मिनिटांचा डेटा घ्या आणि तोच कोड त्याच्यावर चालवा. काम शून्य यायला हवं, सरासरी उष्णताही शून्य, आणि उष्णतेचं हिस्टोग्राम दोन्ही बाजूंना सारखं. सुरुवातीच्या फोर्सचा कोड असेल तर स्थिर ट्रॅपमध्येसुद्धा सेकंदाला ६०० केटी उष्णता दिसेल. हिस्टोग्राम एका बाजूला कललेलं आलं तर मी आधी कोड बघेन, तो बरोबर असला तर मग सॅम्पलमधला प्रवाह किंवा स्टेजचं सरकणं शोधायला लागा, आणि ते सापडेपर्यंत ओढण्याचा डेटा घेऊ नका.